गळलं तर कुठे गळेल?

व्हॉल्व्हच्या कोटेशनमध्ये साइज असते, स्टीलची ग्रेड असते, प्रेशर असतं, जोडणी क्लॅम्पची की युनियनची हे असतं, आणि सगळ्यात खाली लिहिलेली पण सगळ्यात आधी वाचली जाणारी किंमत असते. हा व्हॉल्व्ह गळायला लागला की आतला माल कुठे जाईल, याचा रकाना मात्र नसतो. दूध, ताक, आमरस, सरबत, औषधाचं सिरप अशा पोटात जाणाऱ्या वस्तूंच्या कारखान्यात व्हॉल्व्हची निवड या न छापलेल्या रकान्यापासून सुरू करावी, असं माझं म्हणणं आहे. व्हॉल्व्ह स्टीलचा दिसला तरी माल अडवतं ते आतलं रबर. ते रबर रोज गरम कॉस्टिक सोसतं, मग ॲसिड सोसतं, मग चार अंशांच्या दुधात आखडतं आणि दर उघडझापीला थोडं थोडं घासलं जातं. ते कधीतरी हार खाणारच. म्हणजे गळती हा अपघात नव्हे, ती व्हॉल्व्हच्या आयुष्यातली ठरलेली घटना आहे. फक्त तारीख ठाऊक नसते. गळती जमिनीवर आली तर फरशी ओली होते, फिटर कुरकुर करतो, सील बदललं जातं आणि विषय संपतो. तीच गळती आतल्या आत, एका लाइनमधून दुसऱ्या लाइनमध्ये झाली, तर कुणाला काहीच दिसत नाही. कळतं तेव्हा माल बाजारात गेलेला असतो.

आपल्याकडे ही चर्चा बहुतेक वेळा स्टीलपाशी येऊन थांबते. ‘एसएस आहे ना, मग झालं!’ एकदा एवढं म्हटलं की पुढे उरतो तो फक्त दर, आणि टेंडर एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला जातं. खरं तर गावातला बल्क कूलर, तालुक्याची डेअरी, रत्नागिरी-देवगडकडचा पल्पचा कारखाना, नाशिकची वायनरी आणि गोव्यातल्या वेर्ण्याचा औषध कारखाना यांना लागणारे व्हॉल्व्ह दिसायला सारखे आणि कामाला अगदी वेगळे असतात. बल्क कूलरच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून दूध ठिबकलं तर ते बादलीत पडतं. डेअरीत त्याच जातीचा व्हॉल्व्ह एका बाजूला दूध आणि दुसऱ्या बाजूला कॉस्टिक घेऊन उभा असतो. वस्तू तीच, पण दुसऱ्या ठिकाणी ती चुकीची आहे. इथे मी मुख्यतः डेअरीच्या अंगाने लिहितो आहे, कारण पाइपांचं सगळ्यात गुंतागुंतीचं जाळं तिथेच सापडतं.

मोठा दाखला 1985 सालचा आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या मेलरोज पार्क इथल्या एका डेअरीच्या दुधातून साल्मोनेलाची साथ पसरली. प्रयोगशाळेत पक्के ठरलेले रुग्णच 16 हजारांवर होते. प्रत्यक्षात किती लोक आजारी पडले असतील याचे पाहणीतून दोन अंदाज निघाले: एक सुमारे 1 लाख 68 हजारांचा, दुसरा 1 लाख 97 हजारांचा. हे दूध कच्चं नव्हतं, पाश्चराइज करून बाटलीबंद झालेलं होतं. तपासणाऱ्यांचा संशय पाइपांच्या जाळ्यावर गेला. कच्च्या दुधाचा आणि पाश्चराइज केलेल्या दुधाचा रस्ता एकमेकांना मिळू शकेल अशी जोड त्या डेअरीत होती. नेमकं केव्हा आणि किती कच्चं दूध पलीकडे गेलं, हे निर्णायकपणे सिद्ध झालं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. जिथे गळती डोळ्यांना दिसायची सोयच नसते तिथे ती नंतर सिद्धही करता येत नाही. पाणी कुठे मुरलं हे शोधायला तज्ज्ञ येतात, तोवर लाइन धुऊन स्वच्छ झालेली असते.

यावर कुणी म्हणेल की पाश्चरायझेशननंतर फॉस्फेटेजची चाचणी असते, कच्चं दूध मिसळलं तर तिथे पकडलं जाईल. चाचणी चांगली आहे, अगदी थोडी भेसळसुद्धा ती दाखवते. पण ती नमुन्याची चाचणी आहे. सील थोडंसं घासलेल्या व्हॉल्व्हमधून दूध सतत जात नाही. पलीकडे पंप सुरू झाला, दाब वाढला, की चार-दोन मिनिटं झिरपतं आणि थांबतं. नमुना त्या चार मिनिटांतला असेलच असं नाही. उलट, ज्या यंत्रावर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो त्या पाश्चरायझरची रचना बघा. 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्या यंत्राची खरी हुशारी गळतीच्या विचारात आहे. आत येणारं कच्चं दूध आणि बाहेर पडणारं तापवलेलं दूध यांच्यामध्ये मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा असतो, आणि त्याला कधीतरी सूक्ष्म भोक पडणार हे गृहीत धरलेलं असतं. म्हणून तापवलेल्या दुधाचा दाब कच्च्या दुधापेक्षा नेहमी जास्त ठेवायचा. भोक पडलंच तर चांगलं दूध कच्च्यात जाईल, कच्चं चांगल्यात येणार नाही. तसंच फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्हचं: तापमान घसरलं, वीज गेली, हवा गेली, काहीही बिघडलं तरी स्प्रिंग त्याला दूध परत फिरवण्याच्या बाजूला ढकलते. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांनी ‘बिघडणार नाही’ असं कुठेच म्हटलेलं नाही. बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडेल, एवढंच ठरवून ठेवलं. हाच हिशेब पाश्चरायझरच्या चौकटीबाहेर पडल्या पडल्या आपण का सोडून देतो, हे मला कळत नाही.

आता एकेका जातीकडे वळू. बॉल व्हॉल्व्ह बाजारात सहज मिळतो, स्वस्त असतो, घट्ट बंद होतो आणि उघडल्यावर आत कसलाही अडथळा ठेवत नाही. म्हणून तो सगळ्यांना आवडतो. दुधाच्या लाइनवरचा साधा, तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह सीआयपी, म्हणजे लाइन न खोलता आतूनच केलेली धुलाई, झाल्या झाल्या खोलून बघावा. भोकाची आतली बाजू लख्ख असते. मग गोळा बाहेर काढावा. गोळ्याची पाठ आणि बॉडी यांच्यामधल्या पोकळीत पिवळट, चिकट थर बसलेला सापडतो. बोटाला तो साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि वास आंबूस येतो. याचं कारण रचनेतच आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना प्रवाह भोकातून सरळ जातो आणि मागची पोकळी दोन्ही सीटांनी बंद असते, त्यामुळे कॉस्टिक तिथे पोचत नाही. उघडझाप करताना अर्ध्या वाटेवर मात्र तीच पोकळी लाइनला खुली होते आणि दूध आत शिरतं. पुढच्या उघडझापीला त्या शिळ्यातलं थोडं ताज्या दुधात उतरतं. पोकळी टेफ्लॉनने भरलेले बॉल व्हॉल्व्ह मिळतात. त्यांनी घाण कमी होते, पण गरम-थंडाने टेफ्लॉन फुगतं-आखडतं आणि गोळ्याशी बारीक फट राहतेच. ही गळतीच आहे, फक्त ती पुढे न जाता आतच दबा धरून बसते. अशा वेळी दुधातल्या जंतूंचा काऊंट वाढला की कॉस्टिकची टक्केवारी वाढवली जाते, तापमान वाढवलं जातं, वेळ वाढवला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

‘आमच्याकडे हेच व्हॉल्व्ह वीस वर्षं चाललेत’ हा आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नसतो. जुन्या डेअऱ्यांत तर बॉल व्हॉल्व्हपेक्षाही साधे, शंकूच्या आकाराचे थ्री-वे कॉक असत आणि त्यांच्यावर उत्तम दूध निघत असे. पण ते कॉक रोज पाळी संपली की हाताने काढून, ब्रशने घासून, मांडून ठेवायचे, अशीच कामाची पद्धत होती. ते त्यासाठीच बनवले होते. खोलून धुण्यासाठी बनवलेला व्हॉल्व्ह वाईट नसतो, तो खोलला जात नाही तेव्हा वाईट ठरतो. पुढे सीआयपी आली, माणसं कमी झाली, ब्रश कोपऱ्यात गेले, पण लाइनवरचे काही व्हॉल्व्ह जुन्याच जातीचे राहिले. घट्ट चक्का किंवा फळाचे तुकडे असलेला माल असेल आणि मोकळं भोक हवंच असेल, तर बॉल व्हॉल्व्ह जरूर लावावा. मात्र तो रोज खोलायचा, हे त्याच कागदावर लिहावं आणि खोलायला हात पोचेल अशा उंचीवर तो बसवावा. छताजवळच्या पाइपातला व्हॉल्व्ह रोज खोलला जाईल असं मानणं म्हणजे स्वतःचीच समजूत काढणं.

याहून मोठा आक्षेप खास आपला आहे: आपल्या घरी दूध उकळूनच पितात, मग एवढं अवडंबर कशाला? याचं पहिलं उत्तर असं की श्रीखंड, पनीर, लस्सी, ताक, आइस्क्रीम कुणी उकळत नाही, आणि डेअरीची कमाई दिवसेंदिवस याच मालावर चालली आहे. दुसरं उत्तर असं की दुधात उतरलेलं कॉस्टिक उकळून जात नाही. तिसरं उत्तर जपानकडून मिळतं. 2000 सालच्या उन्हाळ्यात ओसाका भागात स्नो ब्रँड या नामांकित कंपनीच्या लो-फॅट दुधातून 13 हजारांहून जास्त लोकांना विषबाधा झाली. सुरुवातीला बोट ठेवलं गेलं ते ओसाकाच्या कारखान्यातल्या एका व्हॉल्व्हवर. तो ठरलेल्या वेळी खोलून धुतला जात नव्हता आणि त्यात स्टॅफिलोकोकसचे जंतू सापडले. पुढच्या तपासात खरं मूळ लांब उत्तरेला, होक्काइदोतल्या ताइकी इथल्या पावडरच्या कारखान्यात निघालं. मार्चअखेरीस तिथली वीज सुमारे तीन तास गेली, दूध कोमट अवस्थेत पडून राहिलं, जंतू वाढले आणि त्यांनी विष तयार केलं. नंतरच्या तापवण्याने जंतू मेले, विष तसंच राहिलं. स्टॅफिलोकोकसचं हे विष उकळीलाही दाद देत नाही. म्हणजे त्या व्हॉल्व्हवरचा मुख्य आरोप टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही तो व्हॉल्व्ह निर्दोष होता असं नाही. आणि जिथे दूध साचतं, कोमट राहतं आणि नंतर तापवून ‘शुद्ध’ केलं जातं, तिथे उकळण्यावरचा भरवसा किती पोकळ आहे, ते या प्रकरणाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

वीज जाणं आपल्याला नवीन नाही. भारनियमन असो की वादळात पडलेला खांब, कॉम्प्रेसर बंद पडला की हवेवर चालणारे सगळे व्हॉल्व्ह स्प्रिंग ढकलेल तिकडे जातात. ऑर्डर देताना ‘नॉर्मली क्लोज्ड’ की ‘नॉर्मली ओपन’ या दोन शब्दांत हे ठरून जातं, आणि बहुतेक ऑर्डरींमध्ये स्टॉकमध्ये काय आहे यावरून ते ठरतं. टँकच्या तळाचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर बंद व्हायला हवा. वाफेचा बंद व्हायला हवा. गार पाण्याचा बहुधा उघडा राहायला हवा, म्हणजे दूध तापत बसणार नाही. दोन लाइनींच्या मधला निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडाच राहायला हवा. डिझाइनच्या टेबलाशी बसून एका दुपारी हे सगळं ठरवता येतं. रात्री दोन वाजता अंधारात उभ्या ऑपरेटरने ते ठरवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बटरफ्लाय व्हॉल्व्ह हा डेअरीतला हमाल आहे. स्वस्त, हलका, हाताने किंवा हवेने चालणारा, सीआयपीत बऱ्यापैकी धुतला जाणारा. टँकर रिकामा करणं, पंपाची आधीची-नंतरची बाजू, एकाच मालाच्या लाइनीतले फाटे, इथे त्याच्यापेक्षा महाग काही लावायची गरज नाही. उगाच लावलं तर तो पैसा योग्य जागेवरून कमी होतो. त्याची दुखरी जागा ठरलेली असते: दांडा रबरातून जिथे आरपार जातो ती वरची आणि खालची दोन टोकं. रबर आधी तिथे झिजतं. आडव्या पाइपावर दांडा उभा ठेवून व्हॉल्व्ह बसवला की खालच्या टोकाशी माल साचत राहतो. दांडा आडवा ठेवला की ही तक्रार बरीच कमी होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पण एक बटरफ्लाय, एक रबर, एका बाजूला दूध आणि दुसऱ्या बाजूला सीआयपीचं कॉस्टिक, ही मांडणी मला मान्य नाही. ते रबर फाटलं तर गळती कुठे जाईल याचं उत्तर एकच आहे, आणि ते दुधात आहे. एकापुढे एक असे दोन बटरफ्लाय लावले तरी प्रश्न सुटत नाही. पहिला गळला की मधला तुकडा भरतो, दाब चढतो, आणि मग सगळा भार दुसऱ्यावर येतो, तोही कुणाला न कळता. दोघांच्या मध्ये तिसरा, खाली उघडणारा निचऱ्याचा व्हॉल्व्ह लावला आणि दोन्ही बंद असताना तो उघडा राहील अशी व्यवस्था केली, तरच त्या मांडणीला अर्थ येतो. मग गळती खाली पडते आणि दिसते.

डबल सीट किंवा मिक्सप्रूफ म्हणतात त्या व्हॉल्व्हमध्ये हीच तीन व्हॉल्व्हची मांडणी एका अंगात बसवलेली असते: दोन स्वतंत्र सीलं, त्यांच्यामध्ये एक पोकळी, आणि त्या पोकळीचं तोंड खाली उघड्या हवेत. वरचं सील गळलं काय, खालचं गळलं काय, थेंब बाहेरच येतो. एका टँकमध्ये दूध असताना शेजारच्या लाइनीत सीआयपी चालवायची सोय यामुळे मिळते, आणि सायलोंच्या मोठ्या रांगा याच व्हॉल्व्हवर चालतात. पण त्याला कुठलं संकट सगळ्यात जास्त ग्रासतं? चिंधी. खालच्या तोंडातून पाणी ठिबकतं, फरशी निसरडी होते, म्हणून कुणीतरी तिथे चिंधी कोंबतं किंवा सरळ आटे पाडून प्लग बसवतं. त्या क्षणी महागडा मिक्सप्रूफ व्हॉल्व्ह साध्या व्हॉल्व्हपेक्षा वाईट होतो, कारण लोक त्याच्या भरवशावर शेजारी कॉस्टिक फिरवत असतात. उघडझाप होताना थोडे थेंब पडणं काही बनावटींत नेहमीचंच असतं. व्हॉल्व्ह स्थिर असताना ठिबकत राहणं हा सील गेल्याचा निरोप असतो. हा फरक ऑपरेटरला समजावून सांगायला दहा मिनिटं पुरतात, आणि सप्लायरचा माणूस व्हॉल्व्ह चालू करून निघून जातो तेव्हा नेमकी तीच दहा मिनिटं राहून जातात.

‘एवढे पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. मिक्सप्रूफ व्हॉल्व्ह बटरफ्लायच्या अनेक पट महाग पडतो. त्याची सीलं जास्त असतात, ती बदलायला शिकलेला माणूस लागतो, कोरडी आणि स्वच्छ हवा लागते. छोट्या डेअरीला मी तो घ्या असं सुचवणारही नाही. तिच्यासाठी याहून जुना आणि भक्कम उपाय आहे तो फ्लो प्लेटचा. स्टीलच्या पाटीवर लाइनींची तोंडं ओळीने आणलेली असतात आणि हव्या त्या दोन तोंडांना जोडणारी वाकडी नळी, म्हणजे स्विंग बेंड, हाताने बसवायची. ती नळी दुधावर असेल तर कॉस्टिकच्या तोंडावर असूच शकत नाही. जो पाइप जागेवरच नाही त्यातून काही गळत नाही. नळी कुठे आहे हे सांगणारा छोटा सेन्सर लावून पंपाशी जोडला की चुकीच्या जागी बसवून पंप चालू करण्याचीही शक्यता जाते. यात कष्ट आहेत, दर बदलाला माणूस लागतो, थोडं दूध सांडतं. दिवसाला चार वेळा लाइन बदलणाऱ्या डेअरीला ते परवडतं. चाळीस वेळा बदलणारीला परवडत नाही, आणि तिने मिक्सप्रूफसाठी पैसे काढायलाच हवेत. स्वस्त उपाय म्हणजे कमी सुरक्षित उपाय, हे समीकरण इथे लागू पडत नाही.

डायफ्रॅम व्हॉल्व्हचा जन्मच गळतीच्या चिडीतून झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत दांड्याच्या पॅकिंगमधून हवा-पाणी वाया जातं हे पाहून सॉन्डर्स या इंजिनिअरने दांडा आणि प्रवाह यांच्यामध्ये लवचीक पडदाच घातला. आज तीच रचना इंजेक्शनसाठी लागणाऱ्या पाण्याच्या लाइनींवर दिसते. पडदा फाटेपर्यंत बाहेरचं काही आत जात नाही. वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या दुसऱ्या जातींमध्ये तो दांडा दर खेपेला बाहेरच्या हवेतला अंश, थोडा का होईना, आत घेऊन जातो. ताज्या दुधाला हे चालतं, कारण ते गार ठेवून दोन दिवसांत संपायचं असतं. यूएचटी दुधाला किंवा अॅसेप्टिक पिशवीत भरायच्या पल्पला अजिबात चालत नाही. तिथे एक जंतूही महिनोन्महिने वाढत बसेल. तिथे पडद्याचे, घडीच्या नळीचे किंवा दांड्याभोवती वाफ खेळवणारेच व्हॉल्व्ह हवेत. आडव्या पाइपावर डायफ्रॅम व्हॉल्व्ह सरळ उभा बसवला की त्याच्या बंधाऱ्यामागे पाणी साचतं. बनवणारा कलण्याचा कोन सांगतो, तो पाळावा. आणि आंब्याच्या रेषांना, चक्क्याला हा व्हॉल्व्ह मानवत नाही. पल्पला आणखी एक सवलत आहे: तो आंबट असल्याने दुधातल्या बऱ्याच रोगजंतूंची तिथे धास्ती नसते, यीस्ट-बुरशीची मात्र असते. त्यामुळे गरम भरायच्या डब्यांच्या लाइनीवर मी डेअरीइतका काटेकोरपणा मागणार नाही.

रबराबद्दल थोडक्यात, कारण इथे मतभेदाला फारशी जागा नाही. ईपीडीएम गरम कॉस्टिकला आणि वाफेला छान टिकतं, पण तूप आणि साय त्याला फुगवतात. फुगलेल्या रबरात बटरफ्लायची चकती अडकते, हँडल फिरेना होतं, मग हँडलला पाइपाचा तुकडा लावून जोर काढला जातो आणि दांडा पिळवटतो. वायटॉन तुपाला चांगलं, गरम कॉस्टिकला तितकंसं नाही. सिलिकॉन उष्णतेला चांगलं पण घासलं की लवकर फाटतं. म्हणून सप्लायरला नुसतं ‘दूध’ सांगू नये. माल कोणता, फॅट किती, कॉस्टिक किती टक्के आणि किती अंशांना, हे चारही सांगावं. स्टीलचं तसंच: मसाला ताक आणि क्लोरीनचं पाणी असेल तिथे 316 एल, कारण मिठाने 304 ला बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यात बसलेलं काही सीआयपीने निघत नाही. नुसत्या गोड्या दुधाला 304 पुष्कळ.

राहिला तो शिक्क्याचा युक्तिवाद. अमेरिकेच्या थ्री-ए मानकांचा किंवा 1989 साली युरोपात सुरू झालेल्या ईएचईडीजीचा शिक्का असलेला व्हॉल्व्ह घेतला की जबाबदारी संपली, असं अनेकांना वाटतं. शिक्का मोलाचा आहे. आतला पृष्ठभाग 0.8 मायक्रॉनपेक्षा गुळगुळीत आहे, फटी नाहीत, तो धुतला जातो, हे तो सांगतो. तो व्हॉल्व्ह तुम्ही कुठे बसवलात हे तो सांगत नाही. मुख्य पाइपाला टी घालून हातभर लांब फाट्याच्या टोकाला व्हॉल्व्ह लावला, तर सीआयपीचं पाणी मुख्य पाइपातून सेकंदाला दीड मीटरने धावेल आणि त्या फाट्यात डोकावणारही नाही. फाट्याची लांबी पाइपाच्या व्यासाच्या दुपटीच्या आत ठेवायची, जमलं तर व्हॉल्व्ह सरळ टीच्या अंगालाच लावायचा. क्लॅम्प इतका आवळला की गॅस्केट आत फुगून पाइपात ओठासारखं डोकावतं, तर 0.8 मायक्रॉन फिनिशचा उपयोग नाही.

म्हणून चौकशीचं पत्र पाठवताना प्रत्येक व्हॉल्व्हसमोर चार गोष्टी लिहून द्याव्यात असा माझा आग्रह असतो: अलीकडे काय आहे, पलीकडे काय आहे, हवा गेली तर तो कुठल्या स्थितीत जावा, आणि सील गेलं तर माल कुठे पडावा. शेवटच्या खान्यात ‘जमिनीवर’ असं लिहिता आलं नाही, तर तिथे व्हॉल्व्हची जात बदलायची किंवा लाइनच वेगळी करायची. लाइन आखायच्या आधी हे करावं, कारण नंतर टी कापून पुन्हा वेल्डिंग करणं व्हॉल्व्हपेक्षा महाग पडतं. त्याच पत्रात सील किटची किंमत आणि ती किती दिवसांत मिळेल हेही विचारावं. काही वेळा व्हॉल्व्ह स्वस्त असतो आणि किट परदेशातून दोन महिन्यांनी येतं. तोवर स्थानिक दुकानातली, मापाला जवळची ओ-रिंग बसवली जाते आणि तिचं रबर कुठलं हे कुणालाच माहीत नसतं. व्हॉल्व्हबरोबर दोन किट लगेच घ्यावीत, आणि सील बदलल्याची तारीख फिटरच्या वहीत न ठेवता त्या व्हॉल्व्हच्याच टॅगवर, खडूने न लिहिता, पंचने उमटवावी.